आफ्रिकेतल्या खेड्यांत मुलं काय खेळतात?

प्रश्न एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी त्यांना ‘जगभरातले खेळ’ असा उपक्रम घ्यायचा आहे. आफ्रिकेतल्या गावाकडची मुलं पारंपरिक कोणते खेळ खेळतात, साधनांशिवाय ते चालतात कसे आणि त्यांतले आपल्या मुलांना कोणते शिकवता येतील, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, ‘आफ्रिकेचा खेळ’ असं काही नसतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. तो ५४ देशांचा खंड आहे. घानातल्या मुलीच्या अंगात मुरलेला खेळ मलावीतल्या मुलीने पाहिलेलाही नसतो. उलट एकच खेळ पाच देशांत पाच नावांनी चालतो. म्हणून इथं मी देशाचं आणि जमेल तिथं समाजाचंही नाव घेऊन लिहितो. मी बरीच वर्षं मलावी आणि टांझानियात प्राथमिक शिक्षकांना खेळाचं प्रशिक्षण देत होतो. पश्चिम आफ्रिकेतलं जे सांगतोय ते तिकडून आलेल्या शिक्षिकांबरोबर अंगणात उड्या मारून शिकलेलं आहे.

खेळांची यादी करण्याआधी मुलांच्या कामांची यादी करा. सकाळपासून ते मूल कुठं असतं, त्याच्या हातात काय असतं, पाठीवर कोण असतं, यावर त्याचा खेळ ठरतो. गुरांमागं गेलेल्या पोराचा खेळ वेगळा, विहिरीवर बादली रांगेत ठेवून बसलेल्या पोरीचा वेगळा. ‘साधनांशिवाय कसं चालतं’ या तुमच्या शंकेचं उत्तरही इथंच आहे. साधन कामातूनच हाताशी आलेलं असतं. गुराख्याकडं काठी असतेच, ती वेगळी आणावी लागत नाही.

गुराख्यांपासूनच सुरुवात करतो. नेल्सन मंडेला पाच वर्षांचे असताना दक्षिण आफ्रिकेतल्या कुनू गावात गुरं-मेंढरं राखू लागले. त्यांच्या आत्मचरित्रात त्या माळावरच्या खेळांचं वर्णन आहे, आणि ते मी प्रशिक्षणात आवर्जून वाचून दाखवायचो. पोरं गुळगुळीत खडकांवरून घसरगुंडी करत, ढुंगण सोलून निघेपर्यंत. चिकणमातीचे बैल करत. ‘थिंती’ नावाच्या खेळात दोन गट आपापली काठी जमिनीत रोवत आणि लांबून काठ्या फेकून समोरच्यांची पाडत. फेकलेल्या काठ्या परत आणू न देणं हाही त्या खेळाचाच भाग. म्हणजे नेम, धाव आणि मोर्चा राखणं, तिन्ही एकाच डावात. काठ्यांची जुंपाजुंपी तर तिथल्या खोसा आणि झुलू समाजांच्या पोरांत सगळीकडंच. एका काठीने वार अडवायचा, दुसरीने करायचा. डोकी फुटत, हेही खरं आहे, त्यामुळं हा खेळ शाळेत आणायच्या भानगडीत पडू नका.

ऊन चढलं आणि गुरं सावलीला बसली की पोरंही बसतात, मग खेळ बैठा होतो. लेसोथो आणि दक्षिण आफ्रिकेत सपाट खडकावर दगडाने रेघा ओढून ‘मोराबाराबा’ मांडतात. एकात एक तीन चौकोन, मध्ये जोडरेघा, प्रत्येकाकडं बारा खडे. खड्यांना म्हणायचं गाई. तीन गाई एका ओळीत आल्या की समोरच्याची एक गाय मारायची. आपल्याकडची नवकंकरी ज्यांनी खेळली आहे त्यांना हा पट बघताक्षणी कळेल. घराणं एकच आहे, फक्त तिथं कोपऱ्यांतून तिरक्या रेघाही असतात आणि सोंगट्या नऊच्या बारा होतात. हरलेल्याने उठून लांब गेलेली गुरं वळवून आणायची, असा ठराव पोरांचा आपसात असतो. मोठ्यांनी नेमून दिलेलं काम मुलांनी असं खेळाच्या हिशेबात बसवलेलं असतं. मला त्यांचं सगळ्यात कौतुक वाटतं ते या गोष्टीचं.

इथिओपियात तर गुराख्यांचे खेळ थेट सणाला चिकटले आहेत. ७ जानेवारीला तिथला नाताळ असतो, त्याला ‘गेन्ना’ म्हणतात आणि त्या दिवशी खेळायच्या हॉकीसारख्या खेळालाही गेन्नाच. वाकड्या काठ्या, लाकडी चेंडू. ख्रिस्तजन्माची बातमी ऐकून आनंदलेल्या मेंढपाळांनी हा खेळ खेळला, अशी तिथली आख्यायिका. ऑगस्टमध्ये बुहेचा सण येतो. पोरं दारोदार गाणी म्हणत फिरतात, घराघरांतून त्यांना छोटे पाव मिळतात, आणि गुराख्यांचे लांब आसूड हवेत कडाडतात.

आता मुलींकडं येतो. इथं मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मुलींच्या खेळांवर लिहिणाऱ्यांचं लक्ष कमी जातं आणि शाळेत शिकवायला नेमके तेच सोयीचे आहेत.

खेड्यातली सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला पाठीशी बांधून वावरते. मलावीत चितेंजेत, टांझानियात कांगामध्ये; दोन्ही आपल्या लुगड्याच्या तुकड्यासारखी रंगीत कापडं. तिला घरापासून लांब जाता येत नाही. कधीही हाक येते, कधीही बाळ रडतं. मग तिचे खेळ असे, की कुठल्याही क्षणी सोडून उठता यावं आणि परत येऊन तिथूनच पुढं सुरू करता यावं. खड्यांचा खेळ हा त्याचा नमुना. झिंबाब्वेत त्याला ‘न्होडो’ म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत सोथो-त्स्वाना मुली ‘डिकेटो’.

मातीत वाटीएवढा उथळ खड्डा करतात. त्यात दहा-बारा खडे. एक खडा हातात, तो टोळ. मुलगी पाय पसरून बसते, टोळ वर उडवते आणि तो खाली यायच्या आत त्याच हाताने खड्ड्यातले खडे फराटा मारून बाहेर ओढते, मग टोळ झेलते. पुन्हा टोळ वर, आणि या खेपेला बाहेर आलेल्यांतला एक सोडून बाकीचे सगळे आत ढकलायचे. तो एक तिचा झाला. पुन्हा बाहेर ओढायचे, पुन्हा एक ठेवून आत. खड्डा रिकामा झाला की दुसरी फेरी, तिच्यात दर वेळी दोन बाहेर ठेवायचे. मग तीन, मग चार. टोळ हातून निसटला किंवा मोजणी चुकली की डाव पुढच्या मुलीकडं.

दिसायला सोपं, पण मुलीचा हात नीट बघा. ढकलताना ती खडे मोजत नाही, मोजायला वेळच नसतो. अकरांतले तीन बाहेर ठेवायचे तर ती तिघांच्या अलीकडं बोटांची भिंत करते आणि आठ एका झटक्यात आत लोटते. नजर वरच्या खड्यावर, हात खालच्यांवर. झिंबाब्वेतले काही शिक्षक पहिली-दुसरीची वजाबाकी याच खेळातून घेतात. फळ्यावरच्या गणिताला घाबरणारी मुलगी इथं तिनाच्या, चाराच्या गटांनी अचूक वजा करत असते. आपल्या सागरगोट्यांपेक्षा यात खड्ड्यामुळं एक अडचण जास्त आहे. खडे काठावर अडकतात, त्यामुळं किती जोराने ढकलायचं याचा अंदाज लागतो.

पाठीवर बाळ नसलं की उड्या. घानातला ‘आंपे’ तुमच्या शाळेसाठी मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. दोघी समोरासमोर. डाव सुरू होण्याआधी ठरतं: एकीची ‘जोडी’, दुसरीची ‘फोड’. टाळी, उडी, टाळी, उडी, आणि जमिनीवर टेकता टेकता प्रत्येकीने एक पाय पुढं टाकायचा. दोघींनी उजवा किंवा दोघींनी डावा टाकला तर जोडीवालीचा गुण. एकीचा उजवा, दुसरीचा डावा आला तर फोडवालीचा. बाकीच्या मुली गोलात उभ्या राहून टाळ्यांचा ठेका धरतात आणि तो ठेका हळूहळू वाढवतात. हरलेली बाजूला होते, पुढची आत येते. सगळी गंमत अंदाजाची आहे. समोरची तीनदा उजवा टाकून बसली, आता ती बदलेल का? चांगल्या खेळणाऱ्या मुली पायाकडं बघतच नाहीत, समोरचीच्या खांद्याकडं बघतात. काँगो नदीच्या दोन्ही तीरांवरच्या देशांत याच जातीचा ‘न्झांगो’ खेळतात. २०१५ मध्ये ब्राझाव्हिलला झालेल्या आफ्रिकी क्रीडास्पर्धांत त्याला जागा मिळाली होती. शाळेच्या आवारातल्या पोरींचा खेळ गणवेश आणि पंचांसकट मैदानात उतरला.

उत्तर नायजेरियात हाउसा मुलांचा ‘लंगा’ आहे. एक पाय मागून हाताने धरायचा, एकाच पायावर उड्या मारत समोरच्याला अडवायचं, पाडायचं. आपल्या लंगडीत एकच जण लंगडतो, इथं सगळेच.

रात्रीचे खेळ हा वेगळाच कप्पा. वीज नसलेल्या गावात चांदणं म्हणजे कामातून सुट्टी, कारण शेतात जाता येत नाही आणि घरात बसवत नाही. नायजेरियातल्या इग्बो गावांत चांदण्यातल्या खेळांना स्वतंत्र नावच आहे, ‘एग्वू ओन्वा’. योरुबा मुलं हात धरून कडं करतात, आत बकरी, बाहेर बिबट्या. कडं बकरीला वाट देतं, बिबट्याला अडवतं. घानात ‘आंतोआचिरे’ खेळतात: मुलं गोलात बसतात, एक जण फडकं घेऊन पाठीमागून पळतो, कुणाच्या तरी मागं टाकतो, मागं वळून बघायचं नाही. मुलांना हा खेळ शिकवावा लागणार नाही, ती ‘मामाचं पत्र हरवलं’ म्हणत स्वतःच उठतील.

अंधाऱ्या रात्री कोडी. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणाऱ्या भागात कोडं घालणारा म्हणतो, “कितेंदाविली!” ऐकणारे म्हणतात, “तेगा!”, म्हणजे लाव सापळा. कोडं सुटलं नाही तर घालणारा गाव मागतो. हरलेल्याने एखादं शहर त्याला ‘द्यायचं’. तो ते स्वीकारतो, तिथं जाऊन आपण काय मजा केली ते थोडं फुशारकीने सांगतो आणि मग उत्तर देतो. दार-ए-सलाम, झांझिबार, मोंबासा अशी बड्या गावांची उधळपट्टी रात्रभर चालते. हे तुम्ही वर्गात जसंच्या तसं घेऊ शकता. मुलं अख्खा महाराष्ट्र वाटून टाकतील.

पीक घरात आलं की कामाला थोडी उसंत मिळते, आणि तेव्हा सगळ्यात मोठा खेळ मांडला जाई तो घर-घराचा. झिंबाब्वेतल्या शोना लोकांत ‘माहुंब्वे’, त्स्वाना-सोथोत ‘मांत्ल्वाने’, मलावीत ‘मसांजे’. आपली भातुकली अंगणाच्या कोपऱ्यात असते, पण हे गावाबाहेर, खऱ्याखुऱ्या छोट्या झोपड्या बांधून, आईने दिलेलं खरं पीठ शिजवून. कुणी मुखिया, कुणी सासू, कुणी शिकारीला जाणारा. मोठी माणसं मुद्दाम तिकडं फिरकत नसत. मिशनरी शाळांना तो खेळ फारसा रुचला नाही आणि शाळेच्या वेळापत्रकात तो बसतही नव्हता. मसांजे लहान मुलांत अजून दिसतो, पण दिवसचे दिवस चालणारं माहुंब्वे आता बहुतेक आजी-आजोबांच्या आठवणीतलं.

हे सगळं शिकवतं कोण? मोठी माणसं जवळजवळ नाहीच. धाकटं पोर कडेला बसून बघतं, कच्चा लिंबू म्हणून आत घेतलं जातं, आणि एक दिवस त्याच्यावरही राज्य येतं. जॉन ब्लॅकिंग हे संगीताचे अभ्यासक १९५६ ते १९५८ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या व्हेंडा लोकांमध्ये राहिले. मुलं सोपी गाणी आधी आणि अवघड नंतर, अशा क्रमाने शिकत नाहीत, असं त्यांना दिसलं. जे जास्त कानावर पडतं ते आधी येतं, मग ते कितीही गुंतागुंतीचं असो. खेळांचंही तेच आहे. म्हणून उपक्रमात सोप्याकडून अवघडाकडं असा तक्ता करत बसू नका. एक खेळ निवडा आणि आठवडाभर रोज खेळू द्या.

आता बियांचा खेळ. खळग्यांत बिया पेरत जाण्याचे खेळ आफ्रिकेत जागोजागी आहेत: घानात ‘ओवारे’, योरुबांचा ‘आयो’, युगांडात ‘ओमवेसो’, स्वाहिली किनाऱ्यावर ‘बाओ’. बाओचा पट चार ओळींचा, ३२ खळग्यांचा, ६४ बियांचा. झांझिबारमध्ये म्हातारे लोक ओट्यावर बसून तो खेळतात, आणि त्यांची चाल संपेपर्यंत दुसऱ्याला हिशेब लागत नाही. मुलं त्याच्या सोप्या आवृत्त्या जमिनीत खड्डे करून खेळतात. त्यात वापरतात ती राखाडी, गुळगुळीत, टणक बी बहुतेकदा आपला सागरगोटाच असतो. काटेरी शेंगेतला गजगा, तोच. ही वेल दोन्ही किनाऱ्यांवर वाढते, तिची बी समुद्रात तरंगत लांबवर जाते. कोकणातल्या मुलींनी ती उडवली, झांझिबारच्या लोकांनी ती पेरली.

शाळेत बाओ घेऊ नका, ओवारे घ्या. पट विकत आणायची गरज नाही. तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, त्यातल्या सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी कापा. ४८ चिंचोके, प्रत्येक खळग्यात चार. जवळची ओळ आपली. आपल्या ओळीतला कुठलाही एक खळगा पूर्ण उचलायचा आणि घड्याळाच्या उलट दिशेने पुढच्या प्रत्येक खळग्यात एकेक बी टाकत जायचं. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडली आणि तिथं आता दोन किंवा तीन झाल्या, तर त्या आपल्या. त्याच्या लगत मागच्या खळग्यातही समोरच्याच्या बाजूला दोन किंवा तीन असतील तर त्याही आपल्या, आणि असं साखळी तुटेपर्यंत. बारा किंवा जास्त बिया उचलल्या आणि पूर्ण फेरी झाली, तर ज्या खळग्यातून उचलल्या तो गाळायचा. २५ बिया ज्याच्या झाल्या तो जिंकला.

यात एक नियम फार महत्त्वाचा आहे, आणि आपली मुलं तोच आधी विसरतात. समोरच्याकडं एकही बी उरली नसेल तर त्याच्या ओळीत बी पोचेल अशीच चाल तुम्हाला खेळावी लागते. त्याला उपाशी ठेवून डाव जिंकता येत नाही. मुलं म्हणतील, “बाई, मग हरवायचं कसं?” त्यावर काही बोलू नका, खेळू द्या. चार-पाच डावांत त्यांना कळतं की समोरच्याला दोन बिया देऊन पुढच्या चालीला सहा घेता येतात.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. मलावीत तारेच्या गाड्यांना ‘गालिमोटो’ म्हणतात. कुंपणाची तार, बूटपॉलिशच्या डब्यांची किंवा जुन्या चपलेच्या तळाची चाकं, आणि उभ्याने पळता यावं म्हणून कमरेपर्यंत येणारी स्टिअरिंगची लांब काडी. पुढची चाकं खरोखर वळतात. युगांडात केळीच्या वाळक्या सोपटाचा चेंडू, इतरत्र चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून केलेला. याची ‘गरिबीतली कल्पकता’ म्हणून फार आरती ओवाळू नये असं माझं मत आहे. त्याच पोरांना खरा फुटबॉल दिलात तर ती सोपटाचा चेंडू तिथंच टाकून पळतील, आणि त्यात काही वाईट नाही.

‘पारंपरिक’ या शब्दाचंही तसंच. तार काही पूर्वापार नाही. दक्षिण आफ्रिकेत २००१ पासून सरकारने देशी खेळांना उत्तेजन देण्याचा कार्यक्रम चालवला. त्या यादीत मोराबाराबा आणि डिकेटो आहेत, बैलगाड्यांच्या जुवाच्या खुंट्यांवरून आलेला गोऱ्या शेतकऱ्यांचा ‘युकस्के’ आहे, आणि खो-खोही आहे! तिथल्या भारतीय लोकांबरोबर गेलेला, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात ज्याचे नियम बांधले गेले तोच खो-खो. तिथं आता तो ‘देशी’ आहे. तुमच्या मुलांना हे जरूर सांगा.

हे खेळ अजून खेळतात का, असं पुढं विचाराल. खेळतात, पण जागा बदलली. प्राथमिक शिक्षण मलावीत १९९४ मध्ये, युगांडात १९९७ मध्ये, टांझानियात २००१ मध्ये आणि केनियात २००३ मध्ये मोफत झालं. गुरांमागची पोरं वर्गात आली, भावंडं सांभाळणाऱ्या मुलीही. काम बदललं तसा खेळ बदलला. माळावरचे दिवसभराचे खेळ मागं पडले आणि मधल्या सुट्टीत बसणारे टिकले. केनियात टायरच्या ट्यूबची पट्टी दोघींच्या पायांत ताणून उड्या मारायचा ‘ब्लाडा’, चेंडू चुकवायचा ‘काटी’, युगांडात ‘क्वेपेना’. टांझानियातल्या ‘रेडे’मध्ये तर मधली मुलगी चेंडू चुकवता चुकवता बाटलीत वाळू भरते. दोन बाजूंनी चेंडूचा मारा, हातात वाळू, आणि बाटली काठोकाठ भरल्याशिवाय सुटका नाही. हाही तुमच्याकडं सहज चालेल, फक्त चेंडू कापडाचा ठेवा.

शेवटी उपक्रमाबद्दल दोन गोष्टी. स्नेहसंमेलनात मुलांची तोंडं काळी करून आणि पानांचे घागरे नेसवून ‘आफ्रिकन नृत्य’ बसवण्याचा मोह कुणाला झाला तर तो तिथल्या तिथं मोडून काढा. खेळाचं नाव, देशाचं नाव आणि नकाशावर एक टिकली एवढं पुरे. आणि चाळीस मुलांच्या वर्गात एकाच वेळी ओवारे मांडू नका. निम्म्यांना आंपेसाठी बाहेर काढा, मुलग्यांनाही, ‘मुलींचा खेळ’ म्हणून ते कुरकुरले तरी. दहा मिनिटांत ठेका त्यांच्याच टाळ्यांचा असतो. उरलेल्यांत दोघांना एक ट्रे, म्हणजे दहा ट्रे आणि ४८० चिंचोके. चिंचोके थोडे जास्तच जमवा, कारण दर तासाला मूठभर तरी खिशातून घरी जातात.